बीपी-शुगरच्या गोळ्या चुकू नयेत म्हणून फोनवर अलार्म कसा लावून द्यावा

फोन हातात घेण्याआधी घरातल्या सगळ्या गोळ्या एका चादरीवर ओतून घ्या. डब्यातल्या, फ्रिजवरच्या ताटलीतल्या, देवघराशेजारच्या कोनाड्यातल्या, पर्सच्या आतल्या कप्प्यातल्या, सगळ्या. ॲप टाकायला दहा मिनिटं लागतात. या गोळ्यांची यादी करायला एक तास जातो, आणि खरं काम त्याच तासात होतं.

हे टिपण आईसाठी, सासऱ्यांसाठी किंवा शेजारच्या मावशींसाठी फोनवर गोळ्यांची आठवण लावून देणाऱ्यांसाठी आहे. रोजच्या औषधांच्या बाबतीत जगभर एकच अडचण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात नोंदवलं की श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ आजाराचे साधारण निम्मेच रुग्ण औषधं नीट घेतात, आणि गरीब देशांत हे प्रमाण आणखी कमी आहे. त्यामुळे घरातलं माणूस गोळी चुकवत असेल तर त्याला निष्काळजी ठरवून रागावू नका. रागावलं की माणूस खोटं सांगायला लागतो, आणि मग फोनवरची नोंदही खोटी होते.

आधी यादी

पाकिटावर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीने दिलेलं नाव. त्याखाली बारीक अक्षरात असतं ते औषधाचं खरं नाव. यादीत हे बारीक नाव लिहा आणि पुढे मिलिग्रॅम लिहा: अ‍ॅम्लोडिपिन ५, टेल्मिसार्टन ४०, मेटफॉर्मिन ५००. एवढं काटेकोर लिहायचं कारण असं. महापालिकेच्या दवाखान्यातून एका कंपनीची गोळी मिळते. मधे साठा संपला म्हणून मेडिकलमधून दुसऱ्या कंपनीची आणली जाते. पुढच्या महिन्यात खिडकीवर तिसरीच मिळते. रंग वेगळा, आकार वेगळा, नाव वेगळं, पण आत औषध तेच. घरात दोन्ही पाकिटं असली की दोन्ही घेतली जातात. अ‍ॅम्लोडिपिन असं दुप्पट गेलं की घोटे सुजतात, उठताना चक्कर येते, आणि मग 'गोळी सोसत नाही' म्हणून सगळंच बंद होतं. चादरीवर एकाच बारीक नावाची दोन पाकिटं दिसली तर एक वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना किंवा फार्मसिस्टला दाखवा. कोणती बंद करायची ते आपल्या मनाने ठरवू नका.

चिठ्ठीवरची खूण वाचायला सोपी आहे. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना. एसओएस लिहिलेली गोळी त्रास झाला तरच घ्यायची असते, तिचा अलार्म कधीच लावू नका.

आठवड्यातून एकदाच घ्यायची औषधं यादीत लाल पेनाने लिहा. संधिवातासाठी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट हे त्यातलं सगळ्यात धोक्याचं. ते ठरलेल्या एकाच वारी घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात आणि जीवही जाऊ शकतो. ॲपमध्ये औषध भरताना 'रोज' हा पर्याय आपोआप निवडलेला असतो आणि घाईत तसाच राहतो. म्हणून हे औषध सगळ्यात शेवटी भरा, वार निवडा, आणि भरून झाल्यावर पुढच्या सात दिवसांचं वेळापत्रक उघडून ते एकदाच दिसतंय ना ते डोळ्यांनी पाहा.

यादी झाली की तिचा, केस पेपरचा आणि प्रत्येक पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो काढा. पाकीट कापताना नाव आणि एक्स्पायरीची तारीख असलेला तुकडा शेवटपर्यंत राहू द्या.

मग माणसाचा दिवस

बहुतेकांचे अलार्म महिन्याभरात बंद पडतात ते याच पायरीवर चुकल्यामुळे. चिठ्ठीवर 'सकाळी' असतं, आपण आठ वाजता अलार्म लावतो, आणि आठ वाजता ते माणूस लोकलमध्ये उभं असतं. गोळ्या घरी असतात. अलार्म वाजतो, बंद केला जातो, आणि आठवड्याभरात त्याचा आवाज ऐकूच येईनासा होतो.

एक नमुन्याचा दिवस घेऊ. मानखुर्दला राहणारी, चेंबूरला चार घरची कामं करणारी बाई. थायरॉइड, बीपी आणि शुगर, तिन्हींच्या गोळ्या चालू. पहाटे साडेपाचला नळाला पाणी येतं, तेव्हा ती उठलेली असतेच. सव्वासहाला चहा, पावणेसातला घराबाहेर. दुसऱ्या घरी साडेदहाला चहा-चपाती मिळते. नीट जेवण अडीच वाजता, घरी आल्यावर. रात्रीचं जेवण साडेनऊला.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. इथे पाण्याची वेळ अगदी नेमकी बसते: नळ सोडला, हंडा लावला, गोळी घेतली. मुंबईच्या चाळी-वस्त्यांत पाण्याची वेळ ही घड्याळापेक्षा पक्की असते, तिचा उपयोग करून घ्या. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर ती थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा, नाहीतर थायरॉइडचं औषध अंगी लागत नाही.

बीपीची अ‍ॅम्लोडिपिन कधीही चालते, पोट भरलेलं असो वा रिकामं. ती सकाळच्या चहाला जोडता येते.

खरा घोळ शुगरच्या गोळ्यांत होतो. ग्लिमेपिराइड दिवसाच्या पहिल्या जेवणाच्या लगेच आधी किंवा जेवणासोबत घ्यायचं असतं. चिठ्ठीवर 'नाश्त्याआधी' लिहिलेलं असतं. तिने सहा वाजता ती गोळी घेतली आणि पोटात नुसता चहा असेल, तर साडेदहापर्यंत शुगर उतरत जाते. घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि हे सगळं गर्दीच्या डब्यात किंवा कुणाच्या स्वयंपाकघरात होतं. हिच्या बाबतीत वेळेवर वाजणारा अलार्मच घात करेल. म्हणून डॉक्टरांना 'सकाळी नाश्ता करते' असं सांगू नका. 'पहिला घास साडेदहाला पोटात जातो' असं सांगा आणि गोळीची वेळ त्यांच्याकडून ठरवून घ्या. वेळ साडेदहाची ठरली तर त्या एका गोळीचं पाकीट पर्समध्ये हवं आणि अलार्म १०.२५ ला हवा. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घ्यायचं. रिकाम्या पोटी घेतलं की मळमळ आणि जुलाब होतात, आणि लोक ते सोडतात.

रात्रपाळीच्या वॉचमनचा दिवस संध्याकाळी सहाला सुरू होतो. त्यांच्यासाठी 'सकाळ' म्हणजे उठल्यावर. हेही डॉक्टरांना स्पष्ट सांगावं लागतं, कारण केस पेपरवर नोकरीची वेळ कुठेच लिहिलेली नसते.

आणखी एक गोष्ट अवघडलेपणामुळे कुणी बोलत नाही. बीपी आणि हृदयाच्या आजारात लघवी वाढवणारी गोळी बऱ्याच जणांना असते. कल्याण किंवा विरारहून दीड तास लोकलने येणारी बाई ती गोळी सकाळी घेतच नाही, कारण वाटेत जायला जागा नसते. शंभर अलार्म लावले तरी ती घेणार नाही, आणि तिचं चुकतंय असंही म्हणता येत नाही. हे डॉक्टरांना सांगितलं तर ते वेळ बदलून देऊ शकतात किंवा दुसरं औषध देऊ शकतात.

फोनमधलं साधं घड्याळ

तीन-चार गोळ्या असतील तर वेगळं ॲप लागत नाही. फोनमधलं घड्याळ पुरतं. त्याला नेट लागत नाही, खातं लागत नाही, आणि फोन कितीही स्वस्त असला तरी ते सहसा बंद पडत नाही.

घड्याळ उघडा, अलार्मवर जा, अधिकचं चिन्ह दाबा, वेळ टाका. मग वार निवडा, सातही. हे राहून गेलं की अलार्म एकदाच वाजून बंद होतो, आणि लावून देणाऱ्याला वाटतं की तो चालू आहे. नाव लिहायच्या जागी 'बीपी, पांढरी छोटी, १' असं मराठीत लिहा. अर्थात पुढच्या महिन्यात पांढरीची गुलाबी होऊ शकते, म्हणून नवीन पाकीट आलं की नाव तपासायचं.

वाचता येत नसेल तर आवाज लावा. बऱ्याच फोनमध्ये अलार्मच्या टोनसाठी आपली फाइल निवडता येते. रेकॉर्डरमध्ये नातवाच्या आवाजात दहा सेकंदांचं वाक्य घ्या: 'आजी, जेवलीस का? आता शुगरची गोळी घे.' पहिल्या सेकंदापासून बोलणं सुरू करा, आधी शांतता नको. अलार्ममध्ये घंटेचं चिन्ह दाबून 'नवीन जोडा' किंवा तशाच पर्यायातून ही फाइल निवडा. प्रत्येक वेळेसाठी वेगळं वाक्य केलंत तर घोटाळा राहत नाही. व्हॉट्सॲपवर आलेला व्हॉइस मेसेज इथे सहसा सापडत नाही, म्हणून रेकॉर्डिंग त्याच फोनवर करा.

अलार्मचा आवाज आणि रिंगचा आवाज यांची पट्टी वेगवेगळी असते. सेटिंग्जमध्ये ध्वनी या भागात अलार्मची पट्टी शेवटपर्यंत सरकवा. रात्री फोन बंद करून ठेवायची सवय असेल तर ती मोडा, कारण बहुतेक स्मार्टफोन बंद असताना अलार्म देत नाहीत. चार्जिंगची वेळ ठरवून टाका: रात्रीची गोळी झाली की फोन चार्जिंगला.

मग परीक्षा घ्या. तीन मिनिटांनंतरची वेळ लावा, स्क्रीन बंद करा, फोन बाजूला ठेवा. वाजला की रोजच्या वेळा लावा.

ॲप कधी आणि कसं

पाचाहून जास्त औषधं असतील, आठवड्याचं औषध असेल, साठा मोजायचा असेल किंवा दुसऱ्या शहरातल्या मुलीला कळायला हवं असेल, तर ॲप उपयोगी पडतं. मेडिसेफ आणि मायथेरपी ही दोन जुनी आणि माहितीतली ॲप आहेत. दोन्हींत औषधाची वेळ, घेतल्याची नोंद आणि साठा संपत आल्याची आठवण मिळते. मेडिसेफमध्ये 'मेडफ्रेंड' म्हणून घरच्या माणसाला जोडता येतं. गोळी घेतल्याची नोंद झाली नाही की त्याच्या फोनवर सूचना जाते. त्यासाठी दोन्हीकडे नेट चालू हवं. फुकटात किती औषधं भरता येतात ते सुरुवातीलाच पाहून घ्या, सहावं औषध भरताना पैसे मागितले तर सगळी मेहनत वाया जाते. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सॲपवर कुणी पाठवलेली फाइल टाकू नका. गोळीची आठवण देणाऱ्या ॲपला आधार क्रमांक, बँकेची माहिती किंवा मेसेज वाचायची परवानगी कधीच लागत नाही. त्याने ती मागितली तर ते काढून टाका.

आता जी गोष्ट सगळ्यात जास्त लोकांना नडते ती. ॲप नीट भरलं, दोन दिवस वाजलं, तिसऱ्या दिवसापासून गप्प. दोष बहुधा ॲपचा नसतो. बॅटरी वाचवण्यासाठी फोन पाठीमागे चालणारी ॲप बंद करतो, आणि स्वस्त फोनमध्ये हे जास्त कडकपणे होतं. म्हणून टाकल्या टाकल्या एवढं करा:

१. सूचनांची परवानगी द्या. अँड्रॉइड १३ पासून ती प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते, आणि पहिल्या वेळी 'नको' दाबलं गेलं तर ॲप मुकं होतं.

२. सेटिंग्ज, ॲप्स, ते ॲप, मग 'अलार्म आणि रिमाइंडर' हे चालू करा. अँड्रॉइड १२ आणि पुढच्या फोनमध्ये नेमक्या वेळेला वाजायला ही परवानगी लागते.

३. त्याच पानावर बॅटरीत जाऊन 'निर्बंध नाहीत' निवडा. शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी यांत 'ऑटोस्टार्ट' हा वेगळा खटका असतो, तोही चालू करा.

४. तिथेच खाली 'न वापरल्यास ॲप थांबवा' अशा अर्थाचा पर्याय दिसेल, तो बंद करा. तो चालू राहिला आणि काही महिने कुणी ॲप उघडलं नाही, तर फोन त्याच्या परवानग्या काढून घेतो.

५. फोन बंद करून पुन्हा चालू करा, लॉक उघडू नका, आणि पाच मिनिटांनंतरचा अलार्म वाजतो का ते पाहा. काही ॲप पहिल्यांदा लॉक उघडेपर्यंत जागीच होत नाहीत. तसं असेल तर दिवसातल्या सगळ्यात महत्त्वाच्या गोळीला साध्या घड्याळाचाही अलार्म जोडून ठेवा.

शेवटी शिकवायची एकच सवय: आधी गिळायची, मग 'घेतली' दाबायचं. उलटं केलं की पाणी आणायला उठेपर्यंत कुणीतरी दारात येतं, गोळी ताटलीतच राहते, आणि फोन म्हणतो घेतली. भीती ही की संध्याकाळी ताटलीतली गोळी पाहून ती रात्रीच्या गोळीबरोबर घेतली जाते.

घरात फोन एकच असेल तर

अनेक घरांत स्मार्टफोन एकच असतो आणि तो मुलाबरोबर दिवसभर डिलिव्हरीच्या कामावर फिरतो. अशा घरात आईच्या गोळीचा अलार्म अंधेरीच्या सिग्नलवर वाजतो. फोन घरात असतो त्या वेळांनाच, म्हणजे पहाटे आणि रात्री, बसतील अशा गोळ्या डॉक्टरांना विचारून तिकडे नेता येतात का ते पाहा. दिवसातून एकदाच घ्यायच्या बहुतेक गोळ्या नेता येतात.

नाहीतर साधा बटणांचा फोनही चालतो. त्यात अलार्म असतोच. जोडीला मिस्ड कॉलची पद्धत लावा. क्षयरोगासाठी भारतात वापरलेली ९९डॉट्स ही पद्धत याच विचारावर उभी आहे: गोळी पाकिटातून बाहेर काढली की मागे लपलेला क्रमांक दिसतो, त्यावर फुकट फोन लावायचा, आणि त्या दिवसाची नोंद होते. स्मार्टफोन लागत नाही. घरच्या घरी हेच असं करता येतं: गोळी गिळली की मुलीला एक मिस्ड कॉल. साडेनऊपर्यंत आला नाही तर मुलगी फोन करते. तिने कधी फोन करायचा ही वेळ आधी ठरलेली हवी, नाहीतर दोघी एकमेकींची वाट पाहतात. रिचार्ज संपला की बाहेर कॉल जात नाही, म्हणून रिचार्जची तारीखही यादीत लिहा.

साठा संपायच्या आत

अलार्म वाजतो पण पाकीट रिकामं आहे, हे विसरण्याइतकंच घडतं. हिशेब असा करा. मेटफॉर्मिन रोज दोन, आज शिल्लक ३८, म्हणजे १९ दिवस. त्यातून सात दिवस वजा केले की आजपासून बाराव्या दिवशी औषध आणायला जायचं. तो दिवस रविवार किंवा सुट्टीचा असेल तर एक दिवस आधी. ही तारीख वेगळा अलार्म म्हणून लावा आणि नाव लिहा: 'केस पेपर घेऊन सकाळीच जाणे'. तीस दिवसांच्या गोळ्या ३१ दिवसांच्या महिन्यात एक दिवस कमी पडतात, ही साधी गोष्टही लोकांना नडते.

सात दिवस कमी वाटले तर पावसाळा आठवा. जुलैत लोकल बंद पडली, रस्ते तुंबले की दोन-तीन दिवस मुंबईतल्या केईएम, सायन, नायर किंवा कूपर रुग्णालयात पोहोचणं होत नाही. सकाळी सुट्टी घेणं परवडत नसेल तर महापालिकेचा जवळचा 'आपला दवाखाना' पाहा. त्यातले काही दुपारनंतर रात्रीपर्यंत उघडे असतात. मेडिकलमधून घ्यायची वेळ आली तर 'जनऔषधी सुगम' या सरकारी ॲपमध्ये जवळचं जनऔषधी केंद्र आणि औषधाची किंमत शोधता येते. शोधताना ते बारीक अक्षरातलं नाव लागतं.

पावसाळ्यात गोळ्या पाकिटातून सोडवून डब्यात ठेवू नका. ओलीने त्या चिकट होतात. फिट्सवरचं सोडियम व्हॅल्प्रोएट तर हवेतली ओल पटकन ओढतं. सात दिवसांच्या कप्प्यांच्या डब्यात ठेवायचंच असेल तर पाकिटाचा एकेक चौकोन कात्रीने कापून फॉइलसकट ठेवा. कडा बोथट करा, आणि घेताना फॉइल काढून गोळी घ्यायची हे सांगा, घाईत फॉइलसकट गिळण्याचे प्रकार होतात.

इन्सुलिनची बंद बाटली किंवा पेन फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. वापरात असलेलं साधारण चार आठवडे बाहेर चालतं, नेमके दिवस खोक्यातल्या कागदावर असतात. उघडल्याच्या दिवशी फोनमध्ये २८ दिवसांनंतरची आठवण टाका. पत्र्याच्या घरात मे महिन्यात फार तापतं. फ्रिज नसेल तर ओल्या मातीच्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशा डबीत ठेवून सावलीत ठेवा.

चुकलीच तर

प्रत्येक औषधासाठी 'चुकली तर काय' हे डॉक्टरांना विचारून यादीत त्याच ओळीत लिहून घ्या. साधारण रीत अशी: दिवसातून एकदाची बीपीची गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्यावी, दुसऱ्या दिवशी आठवली तर त्या दिवसाचीच घ्यावी. दोन एकदम कधीच नाहीत. ग्लिमेपिराइडसारखी गोळी जेवण झालं नसेल तर भरपाई म्हणून घेऊ नये. फिट्स, रक्त पातळ करणारं औषध, टीबी, एचआयव्ही आणि इन्सुलिन यांचं उत्तर डॉक्टरांकडूनच घ्या. हृदयात स्टेंट घातल्यावरची क्लोपिडोग्रेल, बीटा ब्लॉकर प्रकारची बीपीची गोळी आणि बरेच दिवस चालू असलेलं स्टेरॉइड मधेच थांबवू नये. थांबवल्याचा झटका मोठा बसतो.

शुगर उतरल्याची लक्षणं दिसली आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा पाहा, मग काहीतरी खायला द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

एकादशी, नवरात्र, रमजान यांचे उपास हे वेळापत्रक मोडतात. रमजानमध्ये अलार्म सेहरी आणि इफ्तारला नेता येतात, पण कोणती गोळी किती न्यायची हे डॉक्टरांना आधीच भेटून ठरवा. उपासाच्या दिवशी अलार्म नुसता बंद करू नका. बंद केलेला अलार्म दुसऱ्या दिवशी चालू करायचा राहतो. त्या दिवशी तो वाजू दे आणि हाताने बंद करा.

कुणाला कळू नये असं असेल तर

दहा बाय दहाच्या खोलीत फोनच्या स्क्रीनवर आलेलं औषधाचं नाव सगळ्यांना दिसतं. टीबी, एचआयव्ही किंवा मनाच्या आजारावरची औषधं असतील तर सेटिंग्जमध्ये लॉक स्क्रीनवरचा मजकूर लपवा, अलार्मचं नाव 'पाणी पिणे' ठेवा, आणि बोलणारा टोन वापरू नका. मेडफ्रेंडसारखी सोय रुग्णाने स्वतः हो म्हटल्यावरच जोडा, सुनेच्या फोनला की बहिणीच्या, हेही त्यानेच ठरवावं. टीबीसाठी निक्षय या सरकारी सेवेचा फुकट क्रमांक १८००-११-६६६६ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हे दोन्ही त्या माणसाच्या फोनमध्ये टाकून द्या.

महिन्याने मोजणी

एका महिन्याने पुन्हा पाकिटं चादरीवर घ्या. साठ गोळ्या मिळाल्या होत्या, तीस दिवस झाले, अकरा उरल्या, म्हणजे ४९ घेतल्या गेल्या, साधारण ८२ टक्के. अभ्यासांत ८० टक्के ही औषध नीट घेतल्याची ढोबळ रेषा मानतात. ॲप १०० टक्के म्हणत असेल आणि अकरा गोळ्या उरल्या असतील तर गोळ्यांवर विश्वास ठेवा.

आता शांतपणे विचारा की त्या अकरा कोणत्या दिवशीच्या. विसरल्या असतील तर वेळ बदला. पण उत्तर बऱ्याचदा वेगळंच निघतं: बरं वाटत होतं, जुलाब होत होते, बीपीच्या रामिप्रिल गोळीने खोकला येत होता, पैसे नव्हते म्हणून एक दिवसाआड घेतली. यातलं काहीही अलार्मने सुटत नाही. अमेरिकेत ४११ जणांवर बारा आठवडे झालेली, २०१८ साली प्रसिद्ध झालेली मेडिसेफची चाचणी हेच दाखवते. ॲपवाल्यांनी गोळ्या थोड्या जास्त नियमित घेतल्याचं सांगितलं, पण वरचं बीपी ॲपवाल्यांचं आणि बिनॲपवाल्यांचं जवळजवळ सारखंच, दहाएक अंकांनी उतरलं. म्हणून मिळालेलं कारण यादीच्या मागे त्याच माणसाच्या शब्दांत लिहा आणि पुढच्या ओपीडीला तो कागद केस पेपरच्या वर ठेवा. गर्दीत डॉक्टरांकडे तुमच्यासाठी दोन-तीन मिनिटं असतात. फोन उघडून आलेख दाखवण्यात ती संपतात, कागद लगेच वाचून होतो.

डॉक्टरांनी औषध बदललं तर दवाखान्याच्या बाकावर बसूनच जुना अलार्म काढा आणि नवा लावा. घरी जाऊन करू म्हटलं की दोन्ही वाजत राहतात. फोन बदलला, दुरुस्तीला दिला किंवा लोकलमध्ये गेला तर घड्याळातले अलार्म नव्या फोनमध्ये आपोआप येतीलच असं नाही. म्हणून शेवटच्या बदलाची तारीख घातलेली कागदी यादी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गोळ्यांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा, आणि तिचा फोटो आणखी एका माणसाच्या फोनमध्ये असू द्या.